वाढीव शिक्षा हवीच, पण सिद्ध झालेल्या गुन्ह्यांच्या आधारे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळसूत्र हिसकावणाऱ्या टोळीच्या अटकेची बातमी आपल्या दैनिकात नुकतीच वाचली. बातमीच्या शेवटी, अशा बातम्यांत नेहमी असते तसे एक वाक्य होते, की आरोपींपैकी एकावर निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत यापूर्वी अनेक गुन्हे दाखल आहेत. त्यानंतर वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध झाली त्यांत अशा सराईतांना जामीन देऊच नये, थेट जन्मठेप द्यावी, अशी मागणी होती. दंडाधिकारी न्यायालयांत सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे या मागणीमागचा संताप मला समजतो, आणि मागणीचा गाभाही मला मान्य आहे. एकदा शिक्षा होऊनही जो माणूस पुन्हा तोच गुन्हा करतो, त्याला पहिल्यापेक्षा कठोर शिक्षा झाली पाहिजे. परंतु गुन्हा दाखल असणे आणि गुन्हा सिद्ध झालेला असणे यांतील फरक आपल्याकडे पोलीस, सरकार, वर्तमानपत्रे आणि वाचक असे सगळेच पुसून टाकतात. त्याचा परिणाम असा होतो, की ज्याला वाढीव शिक्षा व्हायला हवी तो सहज सुटतो आणि ज्याच्यावर केवळ संशय आहे तो वर्षानुवर्षे आत राहतो.

यासाठी आपल्याकडे कायदाच नाही, असा समज या पत्रांतून दिसतो. तो बरोबर नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ७५ नेमके याचसाठी होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३ म्हणून जवळपास जसेच्या तसे आले आहे. चोरी, जबरी चोरी, घरफोडी, फसवणूक यांसारख्या मालमत्तेविरुद्धच्या, किंवा खोटी नाणी, नोटा व मुद्रांक यांसंबंधीच्या, तीन वर्षे वा त्याहून अधिक कारावासाची तरतूद असलेल्या गुन्ह्यात जो एकदा दोषी ठरला आहे, त्याने पुन्हा तशाच स्वरूपाचा गुन्हा केला तर त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेपही देता येते. साध्या चोरीसाठी नव्या संहितेने आणखी स्पष्ट भेद केला आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू चोरणाऱ्याने पहिल्यांदाच दोषी ठरल्यावर ती परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा, आणि दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान एक वर्ष व कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. अमली पदार्थांच्या कायद्यात दुसऱ्या दोषसिद्धीनंतर कमाल शिक्षा दीडपट होते. मद्यपान करून वाहन चालवणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत, तर पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दीडशेहून अधिक वर्षे हे तत्त्व आपल्या कायद्यात आहे, तरीही न्यायालयाच्या निकालपत्रांत ते क्वचितच उतरते.

ते का उतरत नाही, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण खरे दुखणे तिथेच आहे. आरोपीच्या दोषारोपपत्राला त्याच्या पूर्वीच्या गुन्ह्यांचा तक्ता जोडलेला असतो. त्यात पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे आणि शेवटच्या रकान्यात ‘न्यायप्रविष्ट’ असा शेरा असतो. माझा अनुभव असा, की हा शेरा एकदा लिहिला गेला की तो बदलत नाही. खटला निकाली निघून आरोपी निर्दोष सुटलेला असला तरी ‘न्यायप्रविष्ट’, आणि शिक्षा भोगून बाहेर आलेला असला तरीही ‘न्यायप्रविष्ट’. असा तक्ता न्यायालयात पुरावा ठरत नाही. पूर्वीची दोषसिद्धी शाबीत करायची तर त्या न्यायालयाच्या अभिलेखातील निकालाचा प्रमाणित उतारा किंवा तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला लागतो. शिवाय, त्या निकालात ज्याचे नाव आहे तो आणि समोर पिंजऱ्यात उभा असलेला माणूस एकच आहे, हेही पुराव्याने दाखवावे लागते. ही दुसरी पायरी नावावर विसंबून पार पडत नाही, कारण पोलिसांकडे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी नावे सांगणारे आरोपी काही कमी नसतात. पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाकडे अंगुलिमुद्रा केंद्र आहे ते अशाच कामासाठी. पण आठ-दहा गुन्ह्यांचा तपास अंगावर असलेला हवालदार दुसऱ्या जिल्ह्यातील न्यायालयात जाऊन नकलेचा अर्ज देईल, नक्कल मिळेपर्यंत पाठपुरावा करील आणि ठशांचा अहवाल मागवील, ही अपेक्षा कागदावरच राहते.

एवढे झाले तरी वाढीव शिक्षेचा दोषारोप स्वतंत्रपणे ठेवावा लागतो, आणि तो ठेवा असे न्यायालयाला सांगण्याचे काम सरकारी वकिलाचे असते. त्यापुढे अधिकाराचा प्रश्न येतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांहून अधिक कारावास देता येत नाही, त्यामुळे खरोखर वाढीव शिक्षा हवी असेल तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा सत्र न्यायालयात पाठवणे भाग पडते. म्हणजे आणखी तारखा, आणखी साक्षीदार, आणखी कागद. आणि तोवर आरोपीने एक दिवस गुन्हा कबूल असल्याचे सांगून टाकलेले असते.

गुन्हा कबूल करण्याचा हा प्रकार वाचकांना फारसा ठाऊक नसतो. किरकोळ चोरीतला आरोपी जामीनदार न मिळाल्याने काही महिने कोठडीत काढतो. तारखेला त्याला आणले जाते, त्याला गुन्हा कबूल आहे का असे विचारले जाते, तो होय म्हणतो, रोजनाम्यात चार ओळी लिहिल्या जातात आणि कोठडीत काढलेला काळ हीच शिक्षा धरून तो त्याच संध्याकाळी सुटतो. न्यायालयाचे एक प्रकरण निकाली निघते, पोलिसांना दोषसिद्धी मिळते, आरोपीला सुटका मिळते, आणि सर्वांचेच काम हलके होते. त्यातला मुरलेला चोर हे गणित पक्के ओळखून असतो. मागच्या दोन शिक्षांचे कागद समोर यायच्या आत कबुली द्यायची आणि बाहेर पडायचे, हा त्याचा धंद्याचा भाग झालेला असतो.

पण त्याच रांगेत एखादा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगाही असतो, ज्याने मोबाइल चोरलेला असतो किंवा चोरलेलाही नसतो, ज्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, आणि ज्याला ‘कबूल म्हण, आजच घरी जाशील’ एवढाच सल्ला मिळालेला असतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याप्रमाणे एकवीस वर्षांखालील अशा आरोपीला, लेखी कारणे दिल्याशिवाय तुरुंगात पाठवताच येत नाही. समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडता येते. हा कायदा त्या मुलाला कोणी सांगत नाही. तो घरी जातो, पण नावावर दोषसिद्धी घेऊन. पुढच्या वेळी वस्तीवर धाड पडली आणि तो सापडला, तर कलम १३ च्या दृष्टीने तो आणि मुरलेला चोर एकाच पंक्तीला बसतात. वाढीव शिक्षेचा पुरस्कार करणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार अस्वस्थ करते, कारण पहिली दोषसिद्धी जर अशी मिळवलेली असेल तर तिच्यावर दुसऱ्या शिक्षेचा डोलारा उभारणे न्यायाचे नाही.

कायदा करणाऱ्यांना या धोक्याची जाणीव होती. आरोपीची पूर्वीची शिक्षा दोषारोपात नमूद करावी, पण चालू खटल्यात तो दोषी ठरेपर्यंत तो भाग वाचून दाखवू नये, अशी तरतूद फौजदारी प्रक्रियेत फार पूर्वीपासून आहे. आधी या गुन्ह्याचा पुरावा पाहा आणि मग माणसाचा इतिहास पाहा, असा तो क्रम आहे. आज हा क्रम उलटा झाला आहे. इतिहास आधी बातमीत छापला जातो, मग जामिनाच्या युक्तिवादात येतो, आणि पुरावा शेवटी येतो, कधी कधी येतही नाही.

दोषसिद्धी मिळवण्याचे कष्ट नकोत म्हणून सरकारने जे आडमार्ग काढले, त्यांबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते. मुंबईतील टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी १९९९ साली मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, आला, आणि त्या काळाची ती गरज होती हे मी मान्य करतो. परंतु त्या कायद्यात बेकायदा कृत्यांचे सातत्य मोजले जाते ते मागील दहा वर्षांत दाखल झालेल्या आणि न्यायालयाने दखल घेतलेल्या एकापेक्षा अधिक दोषारोपपत्रांवरून. तेथे दोषसिद्धीची अट नाही. टोळीप्रमुखांसाठी घडवलेले हे हत्यार आता गल्लीतल्या टोळक्यांवरही चालवले जाते, आणि त्यात अडकलेल्याला जामीन मिळणे अत्यंत कठीण असते. धोकादायक कृत्यांना आळा घालण्यासाठीच्या १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली तर खटल्याविनाच वर्षभर स्थानबद्ध ठेवता येते. तडीपारीचे तर विचारूच नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली साताऱ्यातून हद्दपार झालेला माणूस सांगलीत किंवा पुण्यात जाऊन राहतो, आणि तिथल्या लोकांना तो कोण आहे हे ठाऊकही नसते. त्याच अधिनियमातील कलम ५७ मात्र आधीच्या दोषसिद्धीवर आधारलेले आहे, आणि म्हणूनच ते मला अधिक न्याय्य वाटते. हे तिन्ही मार्ग प्रतिबंधक आहेत असे म्हटले जाते, पण भोगणाऱ्याच्या दृष्टीने ती शिक्षाच असते, आणि ती गुन्हा सिद्ध होण्याआधीच भोगून होते.

दाखल गुन्ह्यांवरून माणसाला सराईत ठरवण्याची सवय महाराष्ट्राला किती महागात पडली आहे, हे आपण विसरता कामा नये. १८७१ मध्ये आलेल्या आणि १९११ पासून मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने येथील पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती आणि तेथील माणसांना हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसंबंधीचे कायदे आले, आणि पोलीस ठाण्यातील नजर तीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. विमुक्त जमातींतील कैद्यांना केवळ जन्मावरून सराईत समजणारे तुरुंग नियमही त्याच निकालात घटनाबाह्य ठरले. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी हे सांगावे लागले! आडवाटेला तंबू ठोकून राहिलेल्या पारधी कुटुंबातील तरुणाला गावात घरफोडी झाली की पहाटे उचलून नेले जाते, आणि त्याच्या नावापुढे आणखी एक गुन्हा रजिस्टर नंबर चढतो. अशा यादीची लांबी हा त्याच्या वर्तनाचा पुरावा मानायचा का, याचे उत्तर जन्मठेपेची मागणी करणाऱ्यांनी दिले पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूच्या आक्षेपाकडे वळतो. ज्या गुन्ह्याची शिक्षा एकदा भोगून झाली, त्याचा हिशेब पुन्हा का मागायचा, असे माझे अनेक वकील मित्र विचारतात, आणि एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा नाही या घटनेच्या अनुच्छेद २० चा आधार देतात. मला हा आक्षेप पटत नाही. वाढीव शिक्षा जुन्या गुन्ह्याची नसते, ती नव्या गुन्ह्याचीच असते. नव्या गुन्ह्याचे गांभीर्य ठरवताना मात्र हा माणूस कोणत्या परिस्थितीतून येथवर आला ते पाहिले जाते. न्यायालयाने त्याला एकदा दोषी ठरवून स्पष्ट ताकीद दिली होती, सुधारण्याची संधी दिली होती, आणि ती पूर्ण समजूनउमजून त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी दारात तेच केले. माझ्या एका खटल्यातील सत्तरीच्या बाई साक्ष देताना पदर बाजूला करून मंगळसूत्र ओढल्याने मानेवर राहिलेला काळसर वण दंडाधिकाऱ्यांना दाखवत होत्या. गेलेल्या सोन्याबद्दल त्या फारसे बोलल्या नाहीत, आता पहाटे देवळात एकटे जाण्याची हिंमत होत नाही, एवढेच पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. आरोपीला अशाच गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झाल्याचे आम्हां सर्वांना माहीत होते, आणि ते सिद्ध करणारा एकही कागद नस्तीत नव्हता. त्या बाईंच्या पुढे अनुच्छेद २० चा दाखला देऊन, मागचे सगळे विसरा, असे म्हणणे मला कधीच जमले नसते.

याच कसोटीवर शक्ती मिल प्रकरणाचा, म्हणजे मुंबईत त्या बंद गिरणीच्या आवारात २०१३ मध्ये झालेल्या दोन सामूहिक बलात्कारांचा, विचार मी अनेकदा केला आहे. २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या दुसऱ्या दोषसिद्धीसाठी आजन्म कारावास किंवा फाशीची तरतूद असलेले कलम ३७६ ई दंड संहितेत आले. त्या दोन्ही अत्याचारांच्या खटल्यांत मार्च २०१४ मध्ये एकाच दिवशी दोषसिद्धी झाली, त्यानंतर वाढीव शिक्षेचा दोषारोप ठेवण्यात आला आणि तिघांना फाशी सुनावली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलमाची वैधता मान्य केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशीऐवजी मरेपर्यंत जन्मठेप दिली. ते गुन्हे इतके अमानुष होते, की कठोरातील कठोर शिक्षा त्यांच्या स्वतःच्या बळावर देता येत होती, याविषयी मला शंका नाही. पण पहिला निकाल आणि दुसरा निकाल एकाच दिवशी लागत असेल, तर मधली ताकीद आणि मधली संधी कोठे होती? वाढीव शिक्षेचा नैतिक आधार त्या मधल्या काळात आहे, आणि तो काळच नसेल तर ते कलम आपला अर्थ गमावते.

शिक्षा आपोआप वाढत जावी असेही माझे म्हणणे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला किमान पंचवीस वर्षे ते जन्मठेप असा नियम केला. गंभीर गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्या एकाला गोल्फच्या तीन काठ्या चोरल्याबद्दल ती शिक्षा झाली, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायमही ठेवली. शेवटी २०१२ मध्ये मतदारांनीच, तिसरा गुन्हा गंभीर किंवा हिंसक असला पाहिजे, अशी दुरुस्ती करून घेतली. आपल्याकडे अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत दुसऱ्या दोषसिद्धीला फाशी सक्तीची होती, ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये काढून न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवली, आणि संसदेनेही २०१४ मध्ये कायदा तसा बदलला. शिक्षा वाढवण्याचा अधिकार न्यायाधीशाला असावा, पण वाढवण्याची सक्ती नसावी.

आणखी एक. सराईत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त चोर येतो. भेसळीच्या खव्यात आणि दुधात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्या व्यापाऱ्याला दुप्पट शिक्षा आणि त्याचा परवाना रद्द, अशी तरतूद २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे. ती वापरा, असे पत्र मी आजवर वाचलेले नाही. एका गावात पतसंस्था बुडवून दुसऱ्या नावाने शेजारच्या तालुक्यात ठेवी गोळा करणारा इसम त्या अर्थाने मंगळसूत्रचोराहून मोठा सराईत आहे.

माझी शासनाला विनंती अशी आहे, की शिक्षा वाढवणारे नवे कायदे करण्याआधी असलेले कलम १३ चालेल अशी व्यवस्था करावी. प्रत्येक जिल्हा न्यायालयात, दोषसिद्धी झाली की निकालाचा प्रमाणित उतारा आणि आरोपीचे ठसे एकत्र जोडून ते पोलिसांच्या सीसीटीएनएस या गुन्ह्यांच्या नोंदींच्या संगणक प्रणालीवर चढवण्याची जबाबदारी एका नेमलेल्या कर्मचाऱ्याची असावी, आणि निर्दोष मुक्तता झाली तर तीही तितक्याच तत्परतेने नोंदवली जावी. दोषारोपपत्र दाखल होतानाच पूर्वीच्या दोषसिद्धीचे कागद सोबत असल्याशिवाय अभियोक्त्याने ते तपासून पुढे पाठवू नये. कलम १३ ला आज कालमर्यादा नाही. पूर्वीची शिक्षा भोगून दहा वर्षे सरळ वागलेल्या माणसाविरुद्ध ते वापरता येऊ नये, अशी दुरुस्ती संसदेने करावी. वर्तमानपत्रांनीही, आपण या पत्राला जागा द्याल तर आपणही, आरोपीवरील दाखल गुन्ह्यांची संख्या छापताना त्यांतील किती सिद्ध झाले हे पोलिसांना विचारून छापावे. आणि ज्या कबुलीवर पुढे कधी तरी वाढीव शिक्षा उभी राहणार आहे ती कबुली, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने आरोपीशी एकांतात बोलून, परिवीक्षा कायद्याचा लाभ मिळू शकतो का हे त्याला समजावून सांगितल्याची नोंद रोजनाम्यात झाल्याशिवाय कोणत्याही न्यायालयाने स्वीकारू नये.

आपला,
एक निवृत्त सहायक सरकारी अभियोक्ता, सातारा